पहिलं सिझर झालं, दुसरं नॉर्मल होईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच येतो: दुसऱ्या वेळी नॉर्मल होईल का, आणि कळांनी आतले टाके उसवणार नाहीत ना?

होऊ शकतं. एकच सिझर झालेल्या आणि नीट तपासून निवडलेल्या शंभर जणींनी प्रयत्न केला, तर साधारण ७२ ते ७५ जणी नॉर्मल बाळंत होतात. आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल, तर हा आकडा ८५ ते ९० पर्यंत जातो. जुन्या टाक्यांवर गर्भाची पिशवी फाटण्याचा धोका दोनशेत एकीला, म्हणजे ०.५ टक्के. तो लहान आहे, पण फाटली तर बाळाला बाहेर काढायला हातात मिनिटंच असतात. बाकीची सगळी काळजी त्या मिनिटांसाठी घ्यायची.

मग मी आधी मागच्या ऑपरेशनचा कागद मागते. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून पिशवीवरचा छेदही आडवाच असेल, असं नाही. कळा येतात तेव्हा पिशवीचा वरचा जाड भाग आवळतो आणि खालचा पातळ भाग ताणला जातो. छेद या खालच्या भागात आडवा असेल, तर तो सहसा टिकतो. तो वरच्या जाड भागात उभा गेला असेल, किंवा उलट्या ‘टी’सारखा वाढवावा लागला असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करायचा नाही, असा व्रण कळा सुरू होण्याआधीही फाटू शकतो. फार कमी दिवसांचं किंवा आडवं बाळ काढताना कधीकधी असा छेद घ्यावा लागतो. ‘एकदा सिझर की कायम सिझर’ हे न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली लिहिलं, तेव्हा उभ्या छेदाचीच पद्धत होती. छेद बदलला, तरी ते वाक्य अजून घराघरांत फिरतं आहे.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘एलएससीएस’, म्हणजे पिशवीच्या खालच्या भागातून केलेलं सिझर, एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर न थांबता ऑपरेशनची पूर्ण नोंद मागा. भारतात डॉक्टरांनी नोंदी ३ वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा नियम आहे. म्हणून दिवस राहण्याची वाट न पाहता आधीच मागून ठेवा.

मागचं सिझर कशासाठी झालं, तेही त्यातच कळतं. बाळ पायाळू होतं, बाळाचे ठोके घसरले होते, वार (प्लॅसेंटा) खाली होती, ही कारणं पुन्हा येतीलच असं नाही. पिशवीचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली सरकलं नसेल, तर शक्यता कमी होते, पण संपत नाही. आईचं वजन जास्त असणं आणि बाळ ४ किलोच्या वर असणं, यांनीही ती कमी होते. दोन बाळंतपणांत १८ महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल, तर फाटण्याचा धोका वाढतो. सोनोग्राफीत टाक्यांची जाडी इतके मिलिमीटर आली म्हणून एकदम ‘नाही’ म्हणणं मला पटत नाही. सगळ्यांना मान्य असा आकडा अजून ठरलेला नाही. वार मात्र जुन्या व्रणावर तर नाही ना, हे प्रत्येकीचं बघायलाच हवं.

आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जातात. शहरातल्या डॉक्टरांनी ‘करून बघू’ म्हटलेलं असतं आणि कळा येतात तालुक्याच्या गावी. तिथे जाऊन विचारा: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कुठे असतात, यायला किती वेळ लागतो? रक्त कुठून आणावं लागतं? बाळांचे डॉक्टर आहेत का? ही सोय नाही म्हणून एखाद्या लहान दवाखान्याने नकार दिला, तर तो प्रामाणिकपणा समजा. सगळी सोय असूनही कागद न बघताच सिझरची तारीख देत असतील, तर कारण जरूर विचारा.

कळा आपणहून आलेल्या सर्वांत चांगल्या. औषधाने आणल्या किंवा सलाईनमधून वाढवल्या, तर फाटण्याचा धोका दोन ते तीन पट होतो. गरज पडली तर पिशवीच्या तोंडात फुगा ठेवून सुरुवात करता येते, पण कळा आणणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी जुन्या सिझरवर अजिबात नको. कळा वाढवायचं इंजेक्शन दंडात किंवा कमरेत नको. आणि बाळ लवकर यावं म्हणून कुणी पोटावर जोर देऊन दाबू लागलं, तर तिथेच थांबवा.

कळा सुरू झाल्या की घरी न थांबता निघा. सुई लावून ठेवतात, रक्त जुळवून ठेवतात आणि बाळाचे ठोके सतत मशीनवर बघतात. पिशवी फाटू लागल्याची खूण बहुतेक वेळा तिथेच आधी दिसते: ठोके घसरतात. दोन कळांच्या मधेही न थांबणारी दुखणी, अंगावरून रक्त, लघवीत रक्त, चालू कळा अचानक बंद पडणं, खाली आलेलं डोकं वर सरकणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच ऑपरेशन. कमरेतून भूल घेतली तर दुखणं झाकलं जाईल, ही भीती नको. ठोके दिसतच राहतात.

ठरवून पुन्हा सिझर करणं हाही रास्त निर्णय आहे. ते साधारण ३९ आठवड्यांनंतर करतात. कळा देऊन शेवटी घाईचं सिझर करावं लागलं, तर त्रास ठरवून केलेल्यापेक्षा जास्त होतो. पण तिसरं मूल हवं असेल, तर हेही तोलून बघा: वार खाली असेल, तर ती पिशवीत रुतून बसण्याची शक्यता दुसऱ्या सिझरच्या वेळी सुमारे ११ टक्के आणि तिसऱ्या वेळी ४० टक्के असते.

३६ व्या आठवड्यात डॉक्टरांसमोर बसून तीन गोष्टी फाइलमध्ये लिहून घ्या. सिझरच्या ठरल्या तारखेआधी कळा आल्या तर काय करायचं, तारीख उलटूनही आल्या नाहीत तर किती दिवस थांबायचं, आणि प्रगती अडली तर कधी थांबायचं. रात्रपाळीला दुसरेच डॉक्टर असतील, तर त्यांना ते वाचता येईल.