साडेसातशे, वीस आणि पाच

कोल्हापुरात ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे यांची सलग शर्यत) म्हणजे काय, हे आता फारसे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पहाटे रंकाळ्याभोवती धावणाऱ्यांत किंवा तरणतलावाच्या सकाळच्या बॅचमध्ये कुणी ना कुणी आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पूर्ण केलेला भेटतोच. त्यामुळे या हिवाळ्यात मी राजाराम तलावावर स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराची, ट्रायथलॉन पूर्ण केली, असे सांगितले की अभिनंदनाच्या पाठोपाठ 'मग आता आयर्नमॅन कधी?' हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे म्हणजे या खेळाची बालवाडी आणि ती उरकून पुढच्या वर्गात जायचे असते, असे त्यात गृहीत धरलेले असते. ते मला मान्य नाही.

खेळाचा इतिहासही तसे सांगत नाही. ट्रायथलॉन या नावाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे येथे झाली. तिच्यात ४६ जण उतरले होते आणि अंतरे आजच्या स्प्रिंटच्याच आसपासची होती. क्रम मात्र उलटा, म्हणजे आधी धावणे आणि शेवटी पोहणे, असा होता. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन हा आयर्नमॅनचा खटाटोप त्यानंतर, १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाला. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली ती दीड किलोमीटर, ४० आणि १० या अंतरांवर, आणि टोकियोत सुरू झालेल्या मिश्र रिलेत तर प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला जेमतेम ३०० मीटर पोहणे, ६.८ किलोमीटर सायकल आणि २ किलोमीटर धावणे आले. अंतर कमी झाल्याने ही शर्यत हलकी होत असेल, असे ती पाहणाऱ्या कुणालाही वाटणार नाही.

माझ्यापुरती खरी अडचण पाण्याची होती. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेल्या वीरधवल खाडे यांच्या शहरात राहून 'मला नीट पोहता येत नाही' असे म्हणणे जरा जड जाते. लहानपणी मामाच्या गावी विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी पोहायला शिकले. पण ते पोहणे मान पाण्याबाहेर ठेवून, बडबड करत करायचे. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडायचा आणि मान वळवून घ्यायचा, एवढी साधी गोष्ट चाळिशीत अंगवळणी पडायला एक अख्खा उन्हाळा गेला. त्यानंतरही तरणतलावातले ७५० मीटर आणि तलावातले ७५० मीटर यांत फरक राहतोच. तरणतलावात दर फेरीला भिंतीला पाय लावून ढकलून घेता येते आणि तळाशी काळी रेघ असते. राजाराम तलावात भिंतही नाही आणि रेघही नाही. हिरवट पाण्यात स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नाही. म्हणून दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून नारिंगी बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) कुठे आहे ते पाहायचे आणि त्याच लयीत मान वळवून श्वास घ्यायचा. डोके जास्त वर उचलले की कंबर बुडते आणि सगळी गती जाते.

सुरुवातीचे दोनशे मीटर हा निव्वळ गोंधळ असतो. कुणाची टाच गॉगलवर बसते, कुणाचा हात पोटरीवर पडतो आणि छातीतला श्वास अकारण आखडतो. येथे नियमाची एक सवलत फार उपयोगी पडते, ती नवख्यांनी माहीत करून घ्यावी: दम लागला तर बोयाला किंवा उभ्या असलेल्या बचाव होडीला धरून थांबता येते, मात्र तिचा आधार घेऊन पुढे सरकायचे नाही. मी धरले नाही, पण धरता येईल या जाणिवेनेच श्वास जागेवर आला. अंगाला ऊब आणि पाण्यात उचल देणाऱ्या रबरी पोशाखाचा, म्हणजे वेटसूटचा, प्रश्न आपल्याकडे सहसा येत नाही. पाणी २२ अंशांहून उबदार असेल तर हौशी स्पर्धकांना या अंतरासाठी तो घालताच येत नाही, आणि तलावाचे पाणी गोडे असल्याने गोव्याच्या समुद्रात अंगाला मिळणारी उचलही येथे मिळत नाही. शेवटच्या शंभर मीटरमध्ये पाय मुद्दाम जोरात मारावेत, असे आमच्या सरांनी सांगितले होते. इतका वेळ आडवे असलेले शरीर एकदम उभे राहिले की गरगरते. पायांत रक्त आधीच खेळते झालेले असेल तर काठावरच्या चिखलात तोल सावरता येतो.

आता ज्या भागासाठी हे सगळे लिहायला घेतले, तो भाग. पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पायांवर येण्याच्या दोन जागा, म्हणजे ट्रान्झिशन. घड्याळ तेथे थांबत नाही. सतरा तासांची मुदत असलेल्या आयर्नमॅनमध्ये मोजे घालताना दोन मिनिटे गेली तर ती कुठे गेली हे कळतही नाही. दीड तासाच्या शर्यतीत मात्र तीच दोन मिनिटे दोन टक्क्यांहून जास्त होतात. शिवाय पोहण्यातले एक मिनिट कमी करायला मला आणखी एक उन्हाळा लागेल, आणि ट्रान्झिशनमधले एक मिनिट सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार संध्याकाळी सराव केला तरी कमी होते. आम्ही तसेच केले. अंगावर बादलीभर पाणी ओतून घेऊन मी पळत सायकलपाशी यायचे आणि मुलगी हातात मोबाइल धरून वेळ लावायची. "आई, हेल्मेट आधी! बाद होशील!" असे तिचे ओरडणे ऐकून वॉचमनकाका पहिल्या दिवशी धावतच आले होते. तिचे म्हणणे बरोबर होते. हेल्मेटचा पट्टा गळ्याखाली लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल रॅकवर अडकवल्याशिवाय तो सोडायचा नाही, हा या खेळातला सर्वांत कडक नियम आहे.

त्या सरावातून ठरलेली मांडणी अशी होती: हँडलवर हेल्मेट उलटे, पट्टे बाहेर मोकळे सोडलेले, त्यात उन्हाचा गॉगल, खाली टॉवेलच्या घडीवर बूट, आणि मोजे टाचेपर्यंत गुंडाळून, आत पावडर टाकलेले. शेजारी पाण्याचा एक मग, कारण तलावातून येताना पाय चिखलाने माखलेलेच असतात. नंबर टाचण्यांनी टाचण्याऐवजी इलॅस्टिकच्या पट्ट्यावर लावला, की सायकलवर तो पाठीकडे आणि धावताना पोटाकडे फिरवता येतो.

सायकलचे वीस किलोमीटर महामार्गालगत, गोकुळ शिरगावच्या बाजूला जाऊन परत, असे होते. गळिताचा हंगाम ऐन भरात असल्याने दुभाजकापलीकडून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या आणि आमच्या बाजूलाही आदल्या रात्री सांडलेली, चाकांखाली चेपलेली उसाची कांडी पडली होती. त्यावरून पातळ टायर घसरतो, त्यामुळे निम्मे लक्ष रस्त्यावर आणि निम्मे पुढच्या सायकलवर ठेवावे लागते. हौशी गटात पुढच्याच्या आडोशाने, वारा चुकवत सायकल चालवायला बंदी असते. दहा मीटरचे अंतर राखायचे, आणि त्या पट्ट्यात शिरलात तर वीस सेकंदांत पुढे निघून जायचे. समोरून वारा असताना हा नियम फार निष्ठुर वाटतो. तरी हाच भाग मला सर्वांत सोपा गेला, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. शेवटच्या किलोमीटरला गिअर हलका करून पाय भराभर फिरवले, एवढेच.

धावायला सुरुवात केली आणि पाय माझे राहिले नाहीत. इतका वेळ बसून एकाच गोल चाकोरीत फिरलेल्या मांड्यांना एकदम अंगाचा भार पेलून पुढे टाकायचे असते. ते त्यांना उमजेपर्यंत पहिला किलोमीटर सरतो. शिवाय सायकलच्या वेगाला डोळे सरावलेले असल्याने आपण रांगतो आहोत असे वाटते, आणि ज्याला घड्याळाकडे पाहायची सवय नाही तो येथेच अतिवेगाने धावून पुढे कोलमडतो. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव आठवड्यातून एकदा तरी केलेला असेल, तर पाय जड होणे टळत नाही, पण घाबरायला होत नाही. विद्यापीठाच्या बाजूच्या झाडांखाली बरे होते; उघड्यावर ऊन चढले होते. साठी ओलांडलेले एक गृहस्थ मला शांतपणे मागे टाकून गेले आणि जाताना "पळा ताई, आलंच की!" म्हणाले. पाण्याच्या टेबलावरची पोरे प्रत्येकालाच "लई भारी!" म्हणत होती. मला ते खरे वाटत होते आणि वाटून घ्यायला हरकतही नव्हती.

दीड तासाच्या थोडे आत मी संपवले. जागतिक दर्जाचे पुरुष खेळाडू हेच अंतर तासाच्या आत कापतात, तेव्हा माझ्या वेळेत मिरवण्यासारखे काही नाही. निकालाच्या तक्त्यात मात्र पाच रकाने असतात: पोहणे, पहिले ट्रान्झिशन, सायकल, दुसरे ट्रान्झिशन, धावणे. माझ्या वयोगटात पोहण्यात मी तळाशी होते आणि दुसऱ्या रकान्यात वरून तिसरी. लांब अंतराच्या शर्यतींबद्दल मला आदर आहे, पण नोकरी, घर आणि मुलीची दहावी सांभाळून आठवड्याला सहा-सात तास देऊ शकणाऱ्या माणसाला जे अंतर नुसते पूर्ण न करता खरोखर जोर लावून खेळता येते, ते हेच आहे. पुढच्या हिवाळ्याची नोंदणीही मी याच अंतरासाठी करणार आहे. चौथ्या रकान्यात बुटांच्या नाड्या बांधताना गेलेला वेळ मला अजून सलतो आहे. लवचीक नाड्या मागवल्या आहेत आणि रविवारपासून पार्किंग पुन्हा आमचे.