ताणलेल्या केबलमागचे दुखणे
द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना दिंडोरी तालुक्यातील एका बागायतदारांचा पिकअप अंबडच्या आमच्या गॅरेजमध्ये आला. सप्तशृंगी गडावर जाताना नांदुरीच्या घाटात हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी मागे सरकू लागली आणि शेवटी चाकामागे दगड लावावा लागला, अशी त्यांची तक्रार होती. "भाऊ, केबल तेवढी ताणून द्या, दुपारी क्रेट भरायचेत," ते म्हणाले.

गाडीखाली शिरल्यावर दिसले, की ताणायला काही उरलेच नव्हते. ॲडजस्टिंगचा नट आट्यांच्या टोकाला जाऊन टेकला होता. दोन्ही केबलींना सारखी ओढ देणारी पट्टी तिरपी झाली होती, आणि उजव्या मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम इतका तापला होता की त्यावर हात ठेववेना. डावा मात्र जेमतेम कोमट होता.

पुढच्या चाकांना अडण लावून मागची बाजू घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली, केबल पूर्ण सैल केली आणि ड्रम उतरवले. मदतनीस मुलाने सवयीने हवेचा पाइप उचलला, तो मी खाली ठेवायला लावला. लायनरची, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तराची, धूळ श्वासात जाणे घातक असल्याने ती ओल्या फडक्यानेच पुसावी, याबाबत मी हट्टी आहे. उजव्या केबलचे रबरी आवरण (बूट) फाटून आत पाणी गेले होते आणि गंजलेली तार ओढलेल्या अवस्थेतच अडकून बसल्यामुळे त्या बाजूचे शू, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, ड्रमला सतत घासून झिजले होते. डावीकडचे लायनर जाड होते, पण शू आणि ड्रममधली फट जुळवणाऱ्या ॲडजस्टरचे दातेरी चाक गंजाने जाम झाल्याने शू ड्रमपासून लांबच राहिले होते. ही फट आधीच्या कारागिराने केबल ताणून भरून काढली होती. तसे केले की ड्रममधला हँडब्रेकचा लिव्हर आपल्या मूळ जागी टेकत नाही, त्यामुळे आपोआप जुळणारा ॲडजस्टरही काम करेनासा होतो आणि दुखणे आणखी वाढते.

केबल बदलायला बागायतदार लगेच तयार झाले. डावे शू कशाला बदलायचे, यावर मात्र बरीच घासाघीस झाली. दोन्ही चाकांची पकड सारखी हवी असेल तर शू जोडीनेच बदलावे लागतात, हे दोन्ही बाजूंचे लायनर शेजारी ठेवून दाखवल्यावर त्यांना पटले. ॲडजस्टर साफ करून शू ड्रमला अगदी हलके लागेपर्यंत जुळवले, ते मध्यावर बसावेत म्हणून ब्रेक पेडल काही वेळा दाबले आणि त्यानंतरच केबलच्या नटाला पाना लावला. हँडब्रेकच्या दोन खटक्यांवर दोन्ही चाके सारखीच जड फिरू लागली, सहाव्याला जखडली आणि लिव्हर सोडताच मोकळी झाली.

फरशीवरची ही चाचणी त्यांना पुरेशी वाटली नाही, आणि ते रास्तच होते. गाडीत वजन भरून ती गॅरेजबाहेरच्या चढावर न्यूट्रलमध्ये उभी केली, तेव्हा ती जागची हलली नाही. क्रेट मात्र त्या दुपारी त्यांच्या भाच्याच्या टेम्पोतून गेले.