काहुइता: कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं शांत गाव

कोस्टा रिकाच्या पूर्व किनाऱ्यावर मुक्कामासाठी चार नावं पुढे येतात: तोर्तुगेरो, काहुइता, पुएर्तो व्हिएहो आणि मान्सानियो. समुद्रात डुंबायचं असेल तर तोर्तुगेरो बाद. तिथे जायचं तर बोट किंवा विमान, आणि तिथला समुद्र पोहण्याजोगा नाही. पुएर्तो व्हिएहोत सर्फिंगवाल्यांची वर्दळ आणि रात्री उशिरापर्यंत गाणीबजावणी. मान्सानियो देखणं आहे, पण रस्ता तिथेच संपतो आणि सोयीही जेमतेम. गाडी भाड्याने न घेता, एजंटाशिवाय जाणाऱ्यांनी काहुइता निवडावं. सगळं गाव पायी फिरता येतं आणि जिथे गावचा रस्ता संपतो, तिथेच राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुरू होतं.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा असेल तर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा सहसा लागत नाही. मात्र पासपोर्टवरचा शिक्का मुदतीत हवा. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अनेकांकडे कामाच्या परवान्याचं मुदतवाढीचं पत्र असतं, पण शिक्का संपलेला असतो. अशांनी तिकीट काढण्याआधी कोस्टा रिकाच्या वकिलातीला विचारावं. देशाबाहेर पडण्याचं तिकीटही मागतात, विमान कंपनी चेक-इनलाच पाहते.

कधी जायचं, हा खरा कळीचा प्रश्न. देशाबद्दलची बहुतेक माहिती पॅसिफिक बाजूची असते, त्यामुळे लोक डिसेंबर-जानेवारीचं बुकिंग करतात. कॅरिबियन बाजूचं गणित वेगळं आहे. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्र खवळवतात आणि डोंगरांना अडून इकडे पाऊस पाडतात. डिसेंबर आणि जुलै हे इथले ओले महिने. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे वारे मंदावतात. पॅसिफिककडे धो-धो पाऊस सुरू असताना इकडे ऊन आणि सपाट समुद्र. प्रवाळ पाहायला जायचं तर हेच दिवस, कारण लाटांनी गाळ ढवळला की पाण्याखाली हातभर पुढचंही दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चही बरे, पण तेव्हा गर्दी असते. शिवाय साधारण ऑक्टोबर ते एप्रिल लिमोन बंदरात क्रूझ जहाजं लागतात आणि तिथून बसगाड्या भरून माणसं उद्यानात येतात. अशा दिवशी सकाळी लवकर आत शिरावं.

विमानतळ सान होसे शहरात नाही, शेजारच्या आलाहुएलात आहे. दुपारनंतर उतरलात तर त्याच दिवशी किनारा गाठायच्या भानगडीत पडू नका. सान होसेहून मेपे कंपनीची थेट बस चार ते साडेचार तास घेते. बसवर पाटी बहुधा सिक्साओला या सरहद्दीवरच्या गावाची असते. दुसरा घोळ असा, की ‘पुएर्तो व्हिएहो’ नावाचं आणखी एक गाव आहे, पुएर्तो व्हिएहो दे सारापिकी, आणि ते समुद्रापासून लांब आहे. तिकीट मागताना स्पष्ट ‘काहुइता’ म्हणा. पासपोर्ट-पैशांची पिशवी वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्या. या मार्गावर ती लांबवली जाते.

उद्यानाला दोन दारं. गावाच्या टोकाला केली क्रीक: हे दार गावकऱ्यांच्या सहभागाने चालतं, ऐच्छिक देणगी देऊन आत जायचं. देणगी जरूर द्या. दुसरं पुएर्तो व्हार्गास, तिथे तिकीट. दोन्हींमधली पायवाट साधारण आठ-नऊ किलोमीटरची, सपाट, डावीकडे समुद्र आणि उजवीकडे दलदलीचं जंगल. केली क्रीकहून निघून व्हार्गासला बाहेर पडावं आणि हमरस्त्यावरून बसने परतावं. रमतगमत चार तास धरा. पावसानंतर वाटेतला प्रवाह पाण्यातून ओलांडावा लागू शकतो, म्हणून बुटांपेक्षा पट्ट्यांच्या सँडल बऱ्या. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, कोकणासारखा किनारा उघडा पडत नाही. धोका आहे तो आत ओढणाऱ्या प्रवाहांचा. दाराजवळच्या पट्ट्यात लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. पुढे भूशिराच्या टोकाकडे प्रवाळाच्या आडोशाला पाणी शांत असतं. प्रवाळावर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. 1991 च्या भूकंपात इथला समुद्रतळ वर उचलला गेला आणि उथळ प्रवाळ उघडं पडून मेलं. जे उरलंय त्यावर पाय ठेवू नका.

खाण्याची पिशवी वाळूवर सोडून पोहायला गेलात तर पांढऱ्या तोंडाची माकडं आणि रॅकून चेन उघडून ती रिकामी करतात. वाटेकडेच्या फांदीला आधारासाठी हात लावण्याआधी नीट बघा: डोळ्यांवर पापण्यांसारखे खवल्यांचे काटे असलेला पिवळाधमक विषारी साप तिथे वेटोळं घालून निश्चल बसलेला असतो.

गावात जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती जुनी, त्यामुळे इंग्रजीवर निभतं. त्यांचा नारळाच्या दुधातला राजमा-भात अवश्य खा. त्यात पानामेन्यो मिरची अख्खी सोडतात, वासापुरती. ती फुटली तर अख्खं पातेलं जहाल होतं. ताटात आली तर बाजूला काढा. हा भात बहुधा कोंबडीच्या रश्श्याबरोबर येतो. शाकाहारींनी नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, कारण त्यात कोंबडी-मासे धरत नाहीत. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ (कोंबडी नको, मासे नकोत) हेही जोडा.

अंधार वर्षभर संध्याकाळी सहाच्या सुमारास पडतो, टॉर्च हवा. कपडे दमटपणामुळे वाळत नाहीत, दोन जोड जास्त घ्या. खोली निवडताना एसीपेक्षा पंखा आणि धड मच्छरदाणी पाहा, डेंग्यू इथेही आहे.

परतीचा 32 क्रमांकाचा रस्ता ब्राउलियो काररियो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून जातो आणि मोठ्या पावसात दरड कोसळून बंद होतो. मग तुरियाल्बामार्गे वळसा, काही तास जास्त. विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम आलाहुएलातच ठेवा.