मोरी नसलेल्या घरात कुत्र्याची आंघोळ

पुण्या-नाशकात कुत्र्याला आंघोळ घालायची म्हणजे अंगण, गच्ची नाहीतर मोरी. पाणी कुठेही सांडलं तरी ते आपली वाट शोधतं. कॅनडातल्या टोरोंटोत आणि आजूबाजूच्या गावांत तसं नाही. इथल्या बाथरूमच्या फरशीला सहसा जाळीच नसते. टबाबाहेर गेलेलं पाणी फरशीच्या सांध्यांतून खालच्या लाकडात मुरतं आणि काही दिवसांनी खालच्या मजल्याच्या छतावर पिवळट डाग उमटतो. म्हणजे कुत्रा टबातच राहायला हवा, आणि स्वतःहून राहायला हवा. तीस किलोचं जनावर दाबून धरलं तर तो ओला आणि साबण लावलेला असताना उडी मारतो, आणि मग फरशी, भिंत, आपली कंबर काहीच वाचत नाही.

कुत्रा पाण्याला भितो असं सगळे म्हणतात. पण सिमको तळ्यात खुशाल उडी घेणारा लॅब्रॅडॉर घरच्या टबात थरथरत उभा असतो, तेव्हा त्याची तक्रार पाण्याबद्दल नसते. पाय घसरतात, आवाज घुमतो आणि वरून धार येते, या तीन गोष्टींनी तो हैराण होतो. तिन्ही आपल्या हातात आहेत.

सगळ्यात आधी पाय. टबाचा तळ ओला झाला की काचेसारखा होतो. कुत्रा नखं रोवायला बघतो, नखं रुतत नाहीत, मग तो चारही पाय ताणून अंग आखडून घेतो. इथूनच सगळं बिघडतं. खाली चोषक असलेली रबरी मॅट घाला, पण ती टबाच्या पूर्ण लांबीची हवी. पुढचे दोन पाय मॅटवर आणि मागचे गुळगुळीत तळावर असतील तर मॅट असून नसल्यासारखी. मॅट नसेल तर जुना जाड टॉवेल भिजवून अंथरा. कोरडा टॉवेल सरकतो, भिजलेला चिकटून बसतो.

आवाजासाठी आपली बादली आणि मग यांच्यासारखं दुसरं साधन नाही. इथला शॉवर भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या वर पक्का बसवलेला असतो. तो सोडला की टाइल लावलेल्या बंद खोलीत पावसासारखा आवाज होतो आणि वरून सपासप पाणी येतं. कुत्र्याला आत आणण्याआधीच बादल्या भरून ठेवा, नळ बंद करा, एक्झॉस्ट पंखाही बंद ठेवा. सात-आठ किलोच्या छोट्या कुत्र्याला पंधरा लिटरच्या दीड-दोन बादल्या पुरतात. लॅब्रॅडॉरला तीन-चार धरून चाला. पाणी मगाने, अंगाला टेकवून ओता, उंचावरून नको.

हस्की किंवा गोल्डन रिट्रीव्हरसारखा दाट केसांचा कुत्रा असेल तर मात्र धुऊन काढायला मग कमी पडतो. तिथे लांब नळीचा हँडशॉवर लागतो. भाड्याच्या घरातही तो बसवता येतो. भिंतीतला जुना शॉवर फिरवून काढायचा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि नवा लावायचा. जुना जपून ठेवा, घर सोडताना परत लावावा लागेल. हँडशॉवरचं तोंड थेट कातडीला टेकवून हळूहळू सरकवलं की आवाज जवळजवळ राहत नाही आणि पाणीही केसांच्या मुळापर्यंत पोचतं.

पाणी किती गरम? तान्ह्या बाळाला चालेल इतकं, साधारण 37 अंश सेल्सियस. मनगटाच्या आतल्या बाजूने बघा, कारण भांडी घासून सरावलेल्या बोटांना गरम पाणीही कोमट वाटतं. हिवाळ्यात जास्त जपावं लागतं. शहराला पाणी ओंटॅरिओ सरोवरातून येतं, जानेवारीत ते चार-पाच अंशांवर असतं, आणि घरच्या हीटरच्या टाकीतलं पाणी 60 अंशांच्या आसपास. घरात दुसऱ्या कुणी नळ सोडला किंवा फ्लश ओढला की शॉवरचं पाणी क्षणात बदलू शकतं. म्हणून पाणी बादलीत मिसळा, कुत्र्याच्या अंगावर नको.

आता पाण्याआधीचं काम, जे बहुतेकजण टाळतात. अंग कोरडं असताना विंचरून घ्या. जर्मन शेफर्ड, हस्की, लॅब्रॅडॉर यांना वरच्या राठ केसांखाली मऊ लवेचा दुसरा थर असतो. सुटलेली लव आत अडकलेली असताना पाणी घातलं तर तिचा नमदा बनतो. ओली गाठ सुकताना आवळते, कातडी ओढते आणि शेवटी कापून काढण्याशिवाय इलाज राहत नाही. आधी लव काढायचा दातेरी ब्रश, मग बारीक तारांचा, शेवटी स्टीलचा कंगवा. कंगवा कानामागून, काखेतून आणि शेपटीखालून न अडता गेला की समजा कुत्रा आंघोळीला तयार. लवेमुळे आंघोळीचा व्याप होतो म्हणून असा कुत्रा मशीनने भादरून टाकू नये. तो थर थंडीत ऊब देतो, उन्हापासूनही वाचवतो, आणि कधी कधी पुन्हा नीट उगवतच नाही.

नवा कुत्रा असेल तर पहिले चार-पाच दिवस पूर्ण आंघोळ नकोच. कोरड्या टबात उभं करा, खाऊ द्या, बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी शेजारी बादलीत मगाने पाणी ढवळा, तिसऱ्या दिवशी फक्त पाय ओले करा. टबाच्या भिंतीवर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला चमचाभर पीनट बटर किंवा बिनसाखरेचं घट्ट दही फासून ठेवलं की तो चाटत राहतो. पीनट बटरच्या बरणीवरची बारीक अक्षरं मात्र वाचाच. त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असेल तर ते कुत्र्याला विष आहे, आणि काही डब्यांवर ते ‘बर्च शुगर’ या नावाने येतं.

भिजवायची सुरुवात मागच्या पायांपासून करा, मग पाठ, पोट, छाती. डोकं सगळ्यात शेवटी, तेही ओल्या फडक्याने पुसून. तोंडावर पाणी ओतायचं नाही, कानात तर थेंबही जाऊ द्यायचा नाही. याचं कारण बघण्यासारखं आहे. डोकं ओलं झालं की कुत्रा अंग झटकतो. झटका नाकापासून निघतो, मान, खांदे, पाठ करत शेपटीच्या टोकापर्यंत जातो. लॅब्रॅडॉर सेकंदाला चार-पाच वेळा असा हेलकावतो आणि बाथरूमच्या चारही भिंती भिजतात. झटकणार असं दिसलं, म्हणजे डोकं किंचित खाली आणि कान सैल, की तळहात अलगद त्याच्या नाकाडावर ठेवा. डोकं हललं नाही तर झटका तिथेच विरतो.

त्याच्या तोंडाकडे अधूनमधून बघत जा. खाऊ समोर नसताना ओठ चाटणं, जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या सगळ्या घाबरल्याच्या खुणा आहेत. हात थांबवा, अर्धा मिनिट नुसतं उभं राहा. खाऊ घ्यायचाही थांबला असेल तर भिजवलेलं तेवढं धुवा, पुसा आणि उरलेलं दुसऱ्या दिवसावर टाका. अर्धी आंघोळ चालते. जबरदस्तीने पूर्ण केलेली आंघोळ पुढच्या दहा वेळा नडते.

शाम्पू कुत्र्यांचाच घ्या. आपली त्वचा आम्लधर्मी, पीएच साधारण 5.5, कुत्र्याची सातच्या आसपास. शिवाय तिचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते आणि खाजते. टी ट्री ऑइल तर कुत्र्यांना विषारी आहे, ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून वापरू नका. भारतातून आणलेली रिठा-शिकेकाईही लांब ठेवा, डोळ्यांत गेली तर फार झोंबते.

बाटलीवर दुसरं काही लिहिलं नसेल तर शाम्पू पाण्यात एकास दहा मिसळा. 50 मिलिलिटर शाम्पू, अर्धा लिटर कोमट पाणी, एवढं लॅब्रॅडॉरला पुरतं. घट्ट शाम्पू थेट ओतला तर एकाच जागी बसतो, तिथून निघता निघत नाही आणि पोटाखाली पोचतच नाही. पिसवा असतील तर पहिला फेस मानेभोवती गोल लावा, नाहीतर त्या डोक्याकडे पळतात. डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू असेल तर तो बहुधा दहा मिनिटं अंगावर राहावा लागतो, घड्याळ लावून. दोन मिनिटांत धुऊन टाकून ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. गोचीड-पिसवांचं औषध मानेवर थेंबांनी घालत असाल तर त्याच्या आधी आणि नंतर साधारण 48 तास आंघोळ नको, ते त्वचेवरच्या तेलातून पसरतं.

हात फिरतच आहेत तर बोटांनी शोधतही जा. ओंटॅरिओत काळ्या पायांची गोचीड आहे, तिच्यामुळे लाइम रोग होतो. कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली तिळाएवढा कडक दाणा लागला तर केस बाजूला करून नीट बघा.

साबण लावायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट धुवायला. आंघोळीनंतर दोन दिवसांनी कुत्रा खाजवतो, पाठीवर कोंडा दिसतो, तेव्हा बरेचदा शाम्पू बदलला जातो. खरं तर जुनाच शाम्पू अंगावर राहिलेला असतो. काख, जांघ, छातीची मधली रेघ, गळपट्ट्याखालची जागा आणि बोटांच्या मधे तो हमखास राहतो. केस चिमटीत धरून ओढून बघा. बुळबुळीत लागले तर अजून पाणी, किंचित चरचर अशी अडखळ लागली तर झालं. किचनर-वॉटरलूकडे पाणी जड आहे, तिथे आणखी एक बादली जास्तच घाला. टबाच्या निचऱ्यावर तारेची गाळणी ठेवायला विसरू नका, लवेने तुंबलेला पाइप उघडायला इथे प्लंबर बोलावणं परवडत नाही.

सुकवणं हा इथला खरा कठीण भाग. नागपूरच्या उन्हात कुत्रा तासाभरात सुकतो, इथे हिवाळ्यात ओल्या कुत्र्याला बाहेर काढताच येत नाही. आधी हाताने पाणी निथळवा, मग टॉवेल दाबून दाबून टिपा. चोळलं की लांब केस गुंततात. टर्किश टॉवेल दोन लागतात, सुती पंचा असेल तर पोट आणि पंजे टिपायला तो उत्तम. हेअर ड्रायर लावायचा तर कमी उष्णतेवर, हातभर लांबून, आपला दुसरा हात सतत त्या हवेत ठेवून. वरून कोरडा वाटणारा हस्की आत ओला असू शकतो. केस फुंकर मारून फाकवा आणि कातडी बघा. आतली ओल राहिली की कधी कधी रात्रीतून लाल, चिकट, दुखरा चट्टा उठतो. इथले डॉक्टर त्याला हॉट स्पॉट म्हणतात. आंघोळ म्हणून सकाळी घाला, सकाळचं फिरणं झाल्यावर, म्हणजे पुन्हा बाहेर जायच्या आत चार-सहा तास मिळतात.

हीटिंगमुळे घरातली हवाही फार कोरडी होते, कुत्र्यांची कातडी तडकते. त्यामुळे हिवाळ्यात पूर्ण आंघोळ सहा-आठ आठवड्यांनी पुरे. पाय मात्र रोज. रस्त्यांवर टाकलेलं मीठ पंजांच्या भेगांत शिरून झोंबतं, आणि कुत्रा ते चाटतो, मग उलट्या. दाराशी पसरट डब्यात चार बोटं कोमट पाणी ठेवा, एकेक पंजा बुडवून हलवा, बोटांच्या मधे पुसा. बाहेर जाण्याआधी तळव्यांना पेट्रोलियम जेली लावली तर मीठ कमी चिकटतं.

शेवटी स्कंक. मांजराएवढा काळा-पांढरा प्राणी, संध्याकाळनंतर मागच्या अंगणात येतो, आणि कुत्रा त्याच्या अंगावर गेला की जो फवारा मारतो त्याची दुर्गंधी जळक्या रबरासारखी आणि सडक्या लसणीसारखी. टोमॅटोचा रस घालतात, त्याने काही होत नाही, आपलं नाक दमतं एवढंच. 1993 साली पॉल क्रेबॉम या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने काढलेली कृती लागू पडते. 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक लिटर, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, पाव कप बेकिंग सोडा आणि एक-दोन चहाचे चमचे भांड्यांचा द्रव साबण. एरवी तो साबण कुत्र्याला लावू नये, इथे मात्र फवाऱ्याचं तेल सोडवायला हवाच.

उघड्या बादलीत, वापरायच्या वेळीच मिसळा. हातमोजे घाला. कुत्र्याला आधी पाण्याने भिजवू नका, तेल पसरतं. कोरड्या अंगावर चोळा, पाच मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, तोंड फडक्याने पुसा. काळे केस थोडे तांबूस होऊ शकतात. डोळे मिटून घेत असेल तर ते साध्या पाण्याने धुवा. पुढच्या काही दिवसांत हिरड्या फिक्या दिसल्या, कुत्रा मलूल झाला तर लगेच डॉक्टरकडे. स्कंक चावला असेल तर रेबीजसाठी त्याच दिवशी न्या. उरलेलं मिश्रण ओतून द्या, बाटलीत भरून झाकण लावू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते. आणि पुढचे काही आठवडे कुत्रा पावसात भिजून आला की तो वास पुसटसा परत आला तर घाबरू नका. फवाऱ्यातले काही घटक ओलाव्याने हळूहळू सुटतात, त्या जागेला तेच मिश्रण पुन्हा एकदा ताजं करून लावा.