ढालीवरची मगर

दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेल्या लेसोथोचं राजचिन्ह पाहिलं की पहिली शंका मगरीचीच येते. सगळा देश समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या वर, हिवाळ्यात डोंगरांवर बर्फ. तिथे मगर कुठली? ती कुळाची खूण आहे. बाक्वेना म्हणजे मगरीचं कूळ, आणि राजघराणं त्यातलंच. लग्नात देवक बसवणाऱ्या आणि त्या देवकाच्या झाडाला कुऱ्हाड न लावणाऱ्या आपल्या खानदेशी माणसाला हे फोडून सांगायला नको. बाताउंग कुळाची खूण सिंह. तो या ढालीवर नाही. म्हणजे चिन्ह देशाचं असलं तरी बोलतं एका घराण्याबद्दल. मगरीपुढे ‘राष्ट्रीय प्राणी’ एवढंच लिहून सोडलं, तर मुद्दाच हुकला.

भूगोलाच्या तक्त्यासाठी हे काढायचं असेल तर मागून पुढे या. ढालीमागे भाला आणि गाठीच्या डोक्याचा सोटा एकमेकांवर तिरके आहेत. आधी ढाल रंगवून मग दांडे जोडले, की वरचा आणि खालचा तुकडा एका रेषेत येत नाही, भाला मोडल्यासारखा दिसतो. म्हणून दोन्ही दांडे पेन्सिलीने फिकट, सलग ओढून घ्या, मग ढाल. ती युरोपीय पद्धतीची, खाली टोक असलेली नको. बासोथोंची, म्हणजे लेसोथोच्या लोकांची, ढाल गुरांच्या कातड्याची, कडांना खाचा असल्याने बाजूंना पंखांसारखे पदर सुटलेली.

घोड्यांपाशी बहुतेकांचा हात चुकतो. दोन्ही बाजूंना आहेत ते बासोथो तट्टू: खांद्याशी साधारण १४ हँड (घोडा मोजायचं चार इंची माप), म्हणजे जेमतेम १.४ मीटर, आखूड पायांचे, डोंगरात न थकणारे. सारंगखेड्याच्या बाजारातला उंच मारवाडी, आत वळलेल्या कानांचा, डोळ्यांसमोर ठेवून काढलात तर सगळं बिघडलं.

घोड्यांच्या पायांखालचा हिरवा डोंगर म्हणजे थाबा बोसिऊ. त्याला शिखर काढू नका. माथा सपाट, कडा तुटलेल्या. १८२४ मध्ये बासोथोंचा राजा मोशोएशोए पहिला आपली माणसं घेऊन इथे आला. वर झरे, गुरांना चराई, चढायला मोजक्याच वाटा. १८६५ मध्ये शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेट या राज्याच्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या, फौजेने हल्ले केले, पण डोंगर पडला नाही. १८६८ मध्ये मोशोएशोएने ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं. त्यामुळे हा मुलूख पुढे दक्षिण आफ्रिकेत विरला नाही.

सीमेपलीकडच्या सोथोंना हे नशीब लाभलं नाही. त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने क्वाक्वा नावाचा ‘स्वदेश’, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी वेगळा काढलेला प्रदेश, आखला, क्षेत्रफळ ६५५ चौरस किलोमीटर. १९७४ मध्ये त्याला स्वशासन मिळालं आणि १९९४ मध्ये तो फ्री स्टेट प्रांतात विलीन झाला. तिथल्या झेंड्यावरही तट्टूच होतं.

राजचिन्ह १९६६ चं, स्वातंत्र्याच्या वेळचं. १९८७ मध्ये लष्करी राजवटीने झेंड्यावरही ढाल-भाला आणला. ४ ऑक्टोबर २००६ रोजी तो उतरवून काळी शंकूसारखी टोपी आणली. राजचिन्हात मात्र शस्त्रं राहिली, आणि ते बरंच झालं. डोंगर दाखवायचा आणि तो राखणारा भाला लपवायचा, याला काय अर्थ? झेंड्यावरची टोपी उचलून ढालीवर बसवण्याची चूक तेवढी टाळा.

खालच्या फितीवर तीनच शब्द: खोत्सो, पुला, नाला. शांती, पाऊस, भरभराट. हा क्रम बदलू नका. फीत मात्र अक्षरं आखून झाल्यावर काढा, नाहीतर ‘नाला’ कोपऱ्यात दाटतो.