तुम्ही विचारलंत म्हणून: सरप्राईज का देत नाही?

"अक्का, माप कशाला विचारत बसता, सरप्राईज द्यायचं की वो!" हे मला आमच्या बेळगावच्या शहापुरातच चारपाच जणींनी ऐकवलंय. कुणाला टोपी, स्वेटर करायचं ठरलं की मी आधी फोन लावते, डोक्याचा घेर किती, रंग कुठला, लोकर टोचते काय, सगळं विचारून घेते आणि मगच क्रोशाची सुई हातात घेते. गिफ्टची गंमत जाते म्हणतात. जाते की, खरंय.

पण मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला मी अशीच गुपचूप टोपी केली होती. पहिल्या गोलात 12 खांब (क्रोशाचे उभे टाके), मग 24, 36, असे दर ओळीला 12 वाढवायचे, टीव्ही चालू, हात चालू, 72 झाल्यावर कुठं थांबले. वरची चकती 14 सेंमी रुंद झालेली, म्हणजे घेर 44! नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं असतं 35 च्या आसपास. पाळण्यात घातली तर टोपी थेट हनुवटीपर्यंत आली, बाळ आत गायब, आणि घुगऱ्या खाता खाता सगळ्या बायका हसायल्या. (तीच टोपी पहिल्या वाढदिवसाला फिट्ट बसली म्हणा, पण तोवर मला रोज ऐकून घ्यावं लागलं.)

आता हिशोब करते. टोपी ताणते म्हणून घेरातनं दोनतीन सेंमी कमी करायचे, 35 चे 32 धरायचे, त्याला 3.14 नं भागलं की 10 च्या जरा वर येतं. चकती तेवढी रुंद झाली की खांब वाढवायचे बंद, तिथनं सरळ खाली विणत यायचं. जास्त वाढवले तर कडेला झालर पडते, कमी वाढवले तर चकतीची वाटी होते. घरात बाळ नसलं तर मी सोललेल्या नारळावर घालून बघते, हसू नका, टेपनं त्याचा पण घेर मोजते.

दुसरा घोटाळा गोव्याचा. भाचीला पणजीला दिलीय, तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचं लोकरीचं कार्डिगन विणलं, दोन महिने घातले त्यात. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे दूध आणायला जाताना कानाला काहीतरी बांधावं लागतं, त्या नादात मी विसरूनच गेले की चोर्ला घाट उतरला की घाम सुरू. बिचारी म्हणाली, "मावशी, किती छान गे!" आणि कपाटात ठेवलं. त्यापेक्षा सुती दोऱ्याचं बिनबाह्यांचं काहीतरी केलं असतं तर घातलं तरी असतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं काय?

रंगाचं पण तसंच. लोकर एकदाच सगळी घ्यायची, लेबलवरचा लॉट नंबर बघून, एखादा गुंडा जास्तच. नंतर एक कमी पडला म्हणून खडे बाजारात गेलं की तोच निळा असतो आणि तरी तो नसतो, बाहीवर पट्टा दिसतो. वडगावात मागावर बसणारे एक मामा आहेत, त्यांना सांगितलं तर म्हणाले, सूत पण असंच, एका रंगाईचं ते एका रंगाईचं. मग रंग आवडतो की नाही हे न विचारता एवढी लोकर घेऊन ठेवायची कुणाच्या भरवशावर?

शाल, मफलर मात्र मी न विचारता देते, त्याला माप कसलं.

परवा सासऱ्यांची कानटोपी करायला घेतली आणि टेप घेऊन मागं उभी राहिले, तर पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "टोपी हाय काय पँट हाय?" तरी डोकं हलवलं नाही. 57 भरलं.