इस्तंबूल : सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी

इस्तंबूलला येणारे बहुतेक पर्यटक सुलतानाहमेत भागात उतरतात. हागिया सोफिया, निळी मशीद, टोपकापी राजवाडा, सगळं पायी जाण्यासारखं. मी मात्र हट्टानं बॉस्फरस सामुद्रधुनीच्या पलीकडच्या काठावर, आशियातल्या कादिकोयमध्ये खोली घेतली. रोज सकाळी बोटीत बसून युरोपात जायचं आणि दिवे लागले की आशियात परतायचं, हेच मला हवं होतं. एकटं फिरणाऱ्या माणसाला परक्या शहरात काहीतरी रोजचं लागतं. मला ते त्या बोटीनं दिलं.

या बोटी पर्यटकांसाठी नाहीत, कामावर जाणाऱ्यांच्या आहेत. धक्क्यावर फाटकाला कार्ड टेकवायचं, आत शिरायचं आणि थंडी कितीही असो, बाहेरच्या लाकडी बाकावर बसायचं. बोट सुटली की डाव्या-उजव्या बाजूनं सीगल पक्षी सोबत निघतात आणि लोक आपल्या सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे, तुकडे त्यांना भिरकावतात. चहावाला तबक घेऊन फिरतो. कमरेत बारीक असलेला काचेचा छोटा पेला, खाली बशी, बशीत साखरेचे दोन खडे. पेला कडेलाच धरावा लागतो, बाकी सगळा चटका देतो. हायदरपाशा स्टेशनची भव्य इमारत पाण्याच्या अगदी कडेला उभी दिसते. २०१३ पासून तिथे गाडी येत नाही, आणि रोज तिच्यासमोरून जाताना मला वाईट वाटायचं.

बोटीवर मला कधीच कुणी विचारलं नाही की तुम्ही एकट्याच का. बाकावर माझ्यासारखे एकएकटेच बसलेले असत. कुणी डुलक्या घेतंय, कुणी वर्तमानपत्र वाचतंय.

जेवणाच्या वेळी मात्र हा प्रश्न हमखास यायचा. एका संध्याकाळी सुलतानाहमेतमधल्या एका रेस्टॉरंटच्या दारातल्या माणसानं मला फार अगत्यानं बोलावलं. एकटीच आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. खिडकीजवळची तीन टेबलं रिकामी असताना मला स्वयंपाकघराच्या दारापाशी बसवलं, आणि सूप संपायच्या आत बिल आणून ठेवलं. एकट्या माणसालाही तेवढीच भूक लागते, तोही तेवढेच पैसे देतो. मला त्या रात्री खरंच राग आला आणि अजून तो गेलेला नाही. एकट्यानं फिरण्यातल्या स्वातंत्र्याबद्दल भरभरून लिहिणारे लोक संध्याकाळी सात वाजताच्या या अपमानाबद्दल का लिहीत नाहीत?

बघायच्या जागा बघितल्या. हागिया सोफियात परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्ज्यातूनच बघता येतं. तिथली रेटारेटी मला सोसली नाही. सिनान या वास्तुविशारदानं १५५७ साली पूर्ण केलेल्या सुलेमानिये मशिदीत मात्र अख्खी दुपार बसून राहिले. दोल्माबाहचे राजवाड्यात झुंबरं आणि सोनेरी मुलामा बघून डोळे थकले. लक्षात राहिली ती एक साधी खोली. तिथल्या पलंगावर तुर्कस्तानचा लाल झेंडा अंथरलेला आहे आणि घड्याळ नऊ वाजून पाच मिनिटांवर थांबवून ठेवलंय. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा कमाल अतातुर्क यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्याच वेळी तिथे प्राण सोडले. मागून येणाऱ्या गटानं पुढे ढकललं, मीही निघाले.

मग १० नोव्हेंबर उजाडला. मी नेहमीसारखी धक्क्याकडे निघाले होते. आदल्या संध्याकाळपासूनच बाल्कन्यांमधून झेंडे आणि अतातुर्क यांची चित्रं लटकत होती, पण सकाळची घाई रोजचीच होती. एक बाई शेवंतीची फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पुढे चालली होती. साठी ओलांडलेली असावी, पायात जाड तळव्यांचे बूट, चाल भराभर. आणि भोंगा वाजला.

ती बाई एक पाय पुढे टाकलेला तशीच थांबली. तिच्यापुढचा शाळकरी मुलगा थांबला. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, दारं उघडून चालक बाहेर आले आणि गाडीशेजारी ताठ उभे राहिले. सिमितवाल्यानं चिमट्यात धरलेला सिमित तसाच हवेत राहिला. मग धक्क्याला लागलेल्या बोटींनीही आपले भोंगे सुरू केले आणि तो खोल, लांबलचक आवाज छातीत घुमायला लागला. सगळं मिळून मिनिट-दोन मिनिटं. हजारो माणसं आणि एकही हालत नाही, असं मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

माझ्यासोबत कुणी असतं तर आम्ही नक्की एकमेकांकडे वळून कुजबुजलो असतो, फोन काढले असते. एकटी होते म्हणून वळायला कुणी नव्हतं. त्यांच्यासारखीच उभी राहिले, हात खाली, नजर समोर. तो माणूस माझा कुणी नाही, त्याचा देश माझा नाही, तरी घशात दाटून आलं. ज्या माणसाच्या जाण्याला इतकी वर्षं उलटली, त्याच्यासाठी कुणी न सांगता भाजीची पिशवी हातात धरून थांबणारं शहर माझ्या मनात कायमचं घर करून बसलंय.

भोंगे थांबले आणि सगळं जिथल्या तिथून पुढे सुरू झालं. बाईनं डोळे पुसले आणि बेशिक्ताशच्या बोटीकडे वळली. मी रोज एमिनोनुची बोट घ्यायचे. त्या दिवशी तिच्या मागे गेले.

बोटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. आम्हा दोघींना समाईक अशी एकही भाषा नव्हती. तिनं आपला सिमित मोडून अर्धा माझ्या हातात ठेवला, मी दोन चहा घेतले. पैसे देताना तिनं माझा हात धरून बाजूला सारला, चांगला जोरात, आणि स्वतः दिले. बेशिक्ताशला उतरल्यावर कळलं की सगळी बोटच दोल्माबाहचेला चालली आहे. राजवाड्याबाहेर लांबलचक रांग होती. खांद्यावर पोरं, हातात फुलं, चाकाच्या खुर्चीत बसलेले म्हातारे. बाईनं मला खुणेनं विचारलं, येतेस? मी नकारार्थी मान हलवली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. ती खोली माझी तिकीट काढून बघून झाली होती. रांगेतली जागा वाट बघणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी वाट्याला जाणं योग्य होतं.

मग बेशिक्ताशच्या बाजारातल्या गल्लीत कामगारांची एक खानावळ सापडली. काचेमागे मोठाली भांडी, बोट दाखवायचं आणि ताट घ्यायचं. मसूरडाळीचं सूप, लिंबाची फोड, पाव हवा तेवढा. लांब टेबलावर सगळे एकेकटेच जेवत होते. मला बघून दोघं जण सरकले आणि जागा झाली. या खानावळी संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून पुढे मी दुपारीच भरपेट जेवायला लागले. रात्री कादिकोयच्या रस्त्यावरून गरम भाजलेले चेस्टनट आणि एखादं डाळिंब घेऊन खोलीवर जायचे. सुलतानाहमेतमध्ये जेवायला पुन्हा गेले नाही.